बेचाळिसावा माणूस

आमच्या घरात भूत हा विषय लॉटरीसारखा होता. कोणाला तरी लागली असं सगळ्यांनी ऐकलेलं, लागलेला माणूस मात्र कोणी पाहिलेला नाही. वडील भौतिकशास्त्र शिकवायचे आणि आई त्यांच्याहून कडक. अमावास्येला नखं कापणं हा आमच्याकडे जवळजवळ कुळाचार होता. त्यामुळे भुताखेतांच्या अनुभवांच्या या ऑनलाइन धाग्यावर मी कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. गेले दोन आठवडे तुमचे अनुभव वाचतेय आणि मनातल्या मनात एकेक खोडून काढतेय... मांजर असेल, वारा असेल, ॲसिडिटी असेल. पण एक अनुभव माझ्याकडेही आहे, आणि तो काही केल्या खोडता येत नाही.

गोष्ट कतारची, वर्ल्ड कपच्या बऱ्याच आधीची. आम्ही तेव्हा दोह्यात अल अझीझियाला राहत होतो आणि मी लुसैलमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरकडे सेफ्टी विभागात होते. लुसैल म्हणजे दोह्याच्या उत्तरेला उभं राहत असलेलं नवं कोरं शहर. त्या दिवसांत तिथे शहर कमी आणि शहराच्या चित्रांचे पत्रे जास्त होते. लांबच लांब कुंपण, त्यावर छापलेली झाडं, ट्राम, फुगे धरलेली मुलं, कॉफी पिणारी हसरी माणसं. पत्र्याच्या आतल्या बाजूला आम्ही हेल्मेट घालून धूळ खात होतो, आणि आमच्यापैकी कोणी त्या चित्रातल्यासारखं हसताना मी पाहिलेलं नाही.

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे माणसं मोजणं. आगीचा सराव झाला की सगळे एका ठरलेल्या जागी जमतात आणि तिथे हेडकाउंट होतो. चारशे माणसं असोत की चाळीस, आकडा जुळेपर्यंत कोणी हलायचं नाही. त्यासाठी बोटाने दाबायचा एक क्लिकर असतो, तो माझ्या पर्समध्ये लिपस्टिकच्या आधी जायचा. मी मोजलेला आकडा कधी चुकला नव्हता. हा गर्व आहे, मान्य. पण तो पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर त्या फेब्रुवारीत नवरा आणि मुलगा पुतण्याच्या मुंजीला पुण्याला गेले. मला रजा मिळाली नाही असं मी सासरी कळवलं. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. शुक्रवार-शनिवारची सुट्टी, गाडी माझ्याकडे, आणि स्वयंपाक कोणासाठीच नाही... अशी सुट्टी लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती.

गुरुवारी संध्याकाळी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात एकटीच भटकले. ससाण्यांच्या दवाखान्यात एक पक्षी डोळ्यांवर कातडी टोपी घालून नंबर लागायची वाट बघत होता, शेजारी त्याचे मालक त्याच्याहून जास्त अस्वस्थ. मग कडक चहा, ज्याला इथे करक म्हणतात, तो दोन कप. शुक्रवारी सकाळी उत्तरेला झुबाराचा किल्ला. चार बुरूज, त्यातला एक चौकोनी. मध्येच गवंडी बदलला असावा. सिंहगड चढलेल्या बाईला हा किल्ला म्हणजे ऐसपैस चावडी वाटते, पण वाळवंटाच्या मधोमध एकटाच उभा असतो बिचारा, म्हणून मी त्याला पूर्ण अर्धा तास दिला.

आणि दुपारी सायकल शर्यत.

तेव्हा दर वर्षी युरोपातले नामवंत सायकलस्वार इथे शर्यतीला यायचे. तिकडे बर्फ असतं, इकडे वारा. टीव्हीवर मी ही शर्यत बघितली होती, प्रत्यक्ष कधी नाही. रस्ता सरळसोट, चढ नाही, वळण नाही, झाड नाही. सगळी लढाई वाऱ्याशी. आडवा वारा सुटला की सायकलस्वार एकमेकांच्या आडोशाला जातात आणि रस्त्यावर त्यांच्या तिरक्या रांगा होतात. ज्याला आडोसा मिळाला नाही तो संपला. बघायला फार सुंदर असतं. मात्र आधी वीस मिनिटं पोलिसांच्या मोटारसायकली, संघांच्या मोटारी, रुग्णवाहिका, डोक्यावर हेलिकॉप्टर आणि पाहुण्यांच्या काळ्या गाड्या जातात, मग पंधरा-वीस सेकंदांत सायकली निघून जातात. लग्नात वरातीला तीन तास आणि अक्षतांना दोन मिनिटं, तसंच.

मी उभी होते ती जागा अल जुमैल नावाच्या ओसाड गावाच्या फाट्यावर. जुनं कोळ्यांचं गाव. तेल सापडल्यावर लोक शहरात निघून गेले. आता पडक्या भिंती, एक मनोरा आणि पलीकडे उथळ समुद्र. तिथे रस्त्याच्या कडेला पाहुण्यांसाठी एक तंबू होता, त्यात सोनेरी पायांचे सोफे. सोफे रिकामे. तंबूच्या पुढे मात्र भरगच्च प्रेक्षक, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच पांढऱ्या टोप्या आणि हातात मिळतील त्या देशांचे झेंडे. जवळ गेले तर ती आमच्याच कंपनीची माणसं! आणि बेल्जियमचा झेंडा घेऊन पुढे उभे होते आमच्या कामगार कॅम्पचे बॉस, दापोलीचे सुलेमानभाई.

"अवो ताई, तुमी हय?" त्यांनी झेंडा खाली केला. "तुमाला कोणी धाडलं?"

"कोणी नाही, माझी मी आले. स्वखुशीने."

"स्वखुशीने!" ते हसायला लागले. "बेचाळीस मानसं आनलीत, पन त्यातला एक पन स्वखुशीने नाय आलेला. हापिसातून हुकूम आला, टीव्हीवर पब्लिक दिसायला होवी. आठवड्याची एकुलती सुट्टी गेली पोरांची."

"मग टाळ्या?"

"त्या वाजवतात. बिर्याणी हाय ना नंतर."

शर्यत आली आणि गेली. नेपाळी, बंगाली, तेलुगू गळ्यांनी फ्रान्स-इटलीच्या पोरांना असा काही आवाज दिला की एका सायकलस्वाराने मान वळवून बघितलं. मग रस्ता पुन्हा रिकामा. सुलेमानभाईंना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी बस गावापाशी नेली आणि सगळ्यांना अर्धा तास दिला. फोटो काढा, समुद्र बघा, पाय मोकळे करा. माणसं पडक्या घरांतून पांगली. मी बसच्या सावलीत सुलेमानभाईंशी गप्पा मारत बसले. तेवीस वर्षं झाली होती त्यांना कतारला. जूनमध्ये निवृत्त होऊन कायमचे घरी जाणार होते, आणि घरापुढे चिकूची कलमं लावायची की काजूची यावर रोज फोनवर बायकोशी भांडत होते.

अर्ध्या तासाने ड्रायव्हरने हॉर्न दिला. माणसं परत आली. सुलेमानभाईंनी कागद पुढे केला. "ताई, हाताबरोबर मोजून देता? तुमची सही आसली म्हणजे कोन बोलायचा नाय."

आता ही आमची पद्धत सांगायला हवी. यादीवर पासपोर्टवरची लांबलचक नावं आणि आयडीचे आकडे असतात. त्या नावांनी हाक मारली तर निम्मी माणसं स्वतःलाही ओळखत नाहीत. म्हणून आम्ही नावं वाचत नाही, डोकी मोजतो. मी बसच्या दाराशी उभी राहिले. एक माणूस चढला की एक क्लिक. दुसऱ्या बाजूला सुलेमानभाई प्रत्येकाच्या हातात बिर्याणीचा डबा आणि ज्यूस देत होते. शेवटचा माणूस चढला तेव्हा क्लिकरवर बेचाळीस. खोक्यात आणलेले डबे बेचाळीस, खोकं रिकामं. मग मी आत जाऊन पुढून मागे बोटाने मोजलं, पुन्हा बेचाळीस. ड्रायव्हर आणि सुलेमानभाई वेगळे. सही केली, वेळ घातली.

"यल्ला, खलास!" ड्रायव्हर म्हणाला आणि बस गेली.

मी मागे राहिले. माझ्या डब्यात घरचं थालीपीठ होतं, थर्मासमध्ये चहा, आणि गावात चिटपाखरू नाही. समुद्राकडे तोंड करून एका ओट्यावर बसून सावकाश जेवले. मग मनोऱ्यापासून सुरुवात करून एकेक घर बघत गावाच्या पार टोकाला गेले. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, म्हणून आवाज मला अगदी जवळ गेल्यावर ऐकू आला.

कोणीतरी शिव्या देत होतं. मराठीत.

सुलेमानभाई सोडले तर आमच्या इकडे मराठी फक्त घरात. बाहेर हिंदी किंवा इंग्रजी. त्यात ओसाड गावात, भिंतीआडून, थेट मराठवाड्यातली मराठी... मी क्षणभर थांबले हे कबूल करते. पण त्यातली तिसरी शिवी ऐकून भूत वगैरे नक्की नाही याची खात्री पटली.

खोलीचं छप्पर कधीच पडलेलं. दारावरचा जाड दगडी पाट निखळून खाली आला होता, आणि त्याखाली पाऊल अडकून एक चाळिशीचा माणूस वाळूत बसला होता. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात आमच्या कंपनीचं कार्ड.

"कोण तुम्ही?"

"मधुकर, मॅडम. जालन्याचा. ष्टील फिक्सर, सळया बांधतो." मराठी ऐकून त्याचे डोळे भरून आले, पण तोंड चालूच. "घंटाभर झाला वरडायलोय, मॅडम! कुणी माईचा लाल येईना. मोबाइलची बॅटरी गेली, बायकोला शर्यत दाखवायच्या नादात. बस हाय ना?"

"बस गेली."

"गेली? मला मोजलं न्हाई का कुणी?"

मंडळी, आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारलेला नाही.

आधी पाय. दगड मला एकटीला हलेना. वर उरलेल्या भिंतीला बोटभर रुंद भेग, आणि दगडाला हात लावला की त्या भेगेतून वाळू सांडायची. माझ्या फोनला रेंज नाही. रेंजसाठी रस्त्यावर जावं तर मधल्या वेळात भिंत काय करेल सांगता येत नव्हतं. पगारी सेफ्टीवाली बाई म्हणून मला नेमकं ठाऊक होतं की अशा खोलीत पाऊल ठेवायचं नसतं. मी गाडीकडे पळाले, डिकीतला जॅक काढला, आणि परत येऊन दगडाखाली बसवला.

"मॅडम, हे तुमी कधी केलंय का?"

"टायर बदलताना."

"म्या टायर न्हाई ओ!"

"गप्प बसा आणि मी सांगितलं की पाय ओढा."

मी गुडघ्यांवर बसून दांडा फिरवायला लागले. दगड दोन बोटं उचलला गेला, वरून ओंजळभर वाळू माझ्या मानेवर पडली. "ओढा!" तो ओढेना, पाऊल बधिर झालं होतं. मी दांडा सोडला, त्याच्या काखेत हात घातले आणि दोघंही मागे कोलमडलो. तसेच सरपटत बाहेर आलो. भिंत बिचारी तशीच उभी राहिली. पण जॅक मी तिथेच ठेवला, परत आत जायची हिंमत नव्हती.

गाडी मोठ्या रस्त्यावर आली तशी रेंज आली. सुलेमानभाईंना फोन लावला.

"सुलेमानभाई, बसमध्ये किती माणसं आहेत?"

"बेचाळीस. तुमीच मोजलीत ना?"

"मग माझ्या गाडीत बसलाय तो मधुकर कोण?"

पलीकडून त्यांनी ड्रायव्हरला हाक मारलेली ऐकू आली.

"बस थांबवा. कोणालाही उतरू देऊ नका. दारात उभे राहा, मी येतेय."

पाऊण तासात मी त्यांना गाठलं. बस रस्त्याच्या कडेला, दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट, सुलेमानभाई दारात हात पसरून उभे. बसला दार एकच. निघाल्यापासून बस कुठेही थांबली नव्हती, हे ते आणि ड्रायव्हर दोघेही शपथेवर सांगत होते. मी सगळ्यांना एकेक करून खाली उतरवलं. क्लिक, क्लिक, क्लिक.

एक्केचाळीस.

परत मोजलं. एक्केचाळीस. कार्डं बघून यादीशी ताडून पाहिलं. सगळे आमचेच, परका कोणी नाही, कमी फक्त मधुकर.

मी आत चढले. सगळ्यात मागच्या सीटवर, खिडकीशी, बिर्याणीचा एक डबा. रिकामा. एक शीतही शिल्लक नव्हतं. शेजारी ज्यूसचं खोकं नीट चपटं करून ठेवलेलं. मग पुढून डबे गोळा करून मोजले. बेचाळीस, सगळे खाल्लेले.

त्या सीटच्या पुढे एक नेपाळी रंगारी बसला होता. त्याला विचारलं. "था न, मैडम," तो म्हणाला. "टोपीवाला. खिड़की की तरफ मुँह करके बैठा था. हमने सोचा मराठीवाला भाई है."

मधुकर या सगळ्यांना नवीनच होता. ज्याचं नाव यादीत होतं त्याला ताप आला, म्हणून सकाळी दुसऱ्या कॅम्पमधून त्याला उचलून आणलं होतं. यादीतला कार्डाचा आकडा खोडून नवा घातला, झालं काम. बसमध्ये त्याचा एकही ओळखीचा नव्हता. म्हणून तो नाही हे कोणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

"उससे बात की तुमने?"

"हमने पूछा, बिरयानी कैसा है. तो हँसा."

"और?"

"बस. हँसा."

वाटेवरच्या खोर गावच्या हॉस्पिटलात मधुकरच्या पायाला प्लास्टर बसलं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर पाय तसाच दबून राहिला असता तर गेलाच असता, आणि थंडीत बाकीच्या मधुकरचंही काही सांगता आलं नसतं. हे ऐकून मी बाहेर बाकावर जाऊन बसले. माझी सही डोळ्यांसमोर होती. बेचाळीस, सगळे हजर. त्या सहीमुळे त्याला शोधायला कोणी आलंच नसतं.

रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल केला. नवऱ्याने शांतपणे सांगितलं, "तू एक चुकलीस आणि कोणीतरी दोन डबे खाल्ले." मुलगा मागून ओरडला, "मॉम, इट्स बेसिक मॅथ्स!" बरोबर आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण खोकं माझ्यासमोर रिकामं झालं होतं, प्रत्येकाच्या हातात एकच डबा देताना मी बघत होते, आणि मी तीन पद्धतींनी तीनदा सारखीच चूक करणार नाही.

सुलेमानभाईंचं म्हणणं वेगळं. ओसाड गावात जिन राहतात, त्यात काय एवढं? आणि मधुकरचं तिसरंच. तो हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाला, "गाव सोडून समदे गेले, त्यो एकलाच राह्यला आसंल, मॅडम. त्यालाबी वाटलं आसंल, चला दोहा बघून येऊ." जरा विचार करून पुढे म्हणाला, "पर बिर्याणी माजी हुती."

रविवारी ऑफिसात इन्सिडेंट रिपोर्ट. संगणकावरचा फॉर्म, सगळे रकाने सक्तीचे. काय घडलं, कुठे, किती वाजता, ते सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. 'मूळ कारण' या रकान्यापाशी अडले. रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जाईना. आमचे इंग्रज साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. सभ्य माणूस, पण घाईत.

"कारण माहीत नाही असं लिहू?" मी विचारलं.

"तसा पर्याय नाहीये," ते म्हणाले. "आणि बसची जबाबदारी तर कॅम्प बॉसची, बरोबर? तसं लिहून टाका आणि संपवा."

मला जून दिसत होता. माणूस मागे सोडला म्हणून तेवीस वर्षांवर शिक्का बसणार, निवृत्तीच्या चार महिने आधी हाकलून देणार, आणि घरी सांगताना सुलेमानभाई काय सांगणार? जिन बसला होता म्हणून?

मी रकाना भरला. 'मोजणीत चूक. मोजणारी व्यक्ती — मी.' आणि पाठवून दिला.

मला वॉर्निंग लेटर मिळालं, आणि माणसं कशी मोजावीत याच्या दोन तासांच्या ट्रेनिंगला बसवलं. त्या ट्रेनिंगच्या स्लाइड मीच बनवलेल्या होत्या. पहिल्या रांगेत बसून त्या मी गंभीरपणे पाहिल्या. सुलेमानभाई जूनमध्ये ठरल्याप्रमाणे घरी गेले. मधुकर महिन्याभरात चालायला लागला, तीन महिन्यांत कामावर आला. आमच्याकडे तेव्हापासून डोकी मोजण्याबरोबर नावाने हाक मारायची पद्धत सुरू झाली. फार वेळ खाते, सगळे वैतागतात, पण मी ती बंद पडू दिली नाही.

आता तुम्ही विचाराल, मग बसमध्ये कोण होतं? मला माहीत नाही. वाऱ्यावर ढकलता येत नाही, मांजर बिर्याणीबरोबर ज्यूस पीत नाही, आणि ॲसिडिटी मला तेव्हा नव्हती. त्या रिपोर्टमध्ये मी जे जे लिहिलं ते सगळं खरं आहे. खोटं फक्त कारण आहे, आणि सगळ्यांना लगेच पटलं ते तेवढंच.